जुनी गाडी दुरुस्त करायची की बदलायची? गोव्यातल्या पावसाचा आणि गंजाचा हिशेब धरून

गॅरेजवाल्याने साठ-सत्तर हजारांचं एस्टिमेट हातात ठेवलं की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, या डबड्यात एवढे पैसे घालण्यापेक्षा नवी घेऊ. दुसरा म्हणतो, चालतेय ना गाडी, मग हप्त्यांचं लचांड कशाला गळ्यात घ्यायचं? दोघंही बोलत असतात ते इंजिनाबद्दल, ॲव्हरेजबद्दल, नाहीतर शेजाऱ्याने घेतलेल्या नव्या मॉडेलबद्दल. गोव्यात मात्र या वादाचा निकाल बहुतेक वेळा गाडीच्या पोटाखाली लागतो, आणि तिथे कोणी वाकून बघितलेलं नसतं.

इथे पावसाळ्यात सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. उरलेल्या महिन्यांत किनाऱ्याची खारी हवा असतेच. दिवाडी बेटावरची गाडी असेल तर फेरीबोटीत चढता-उतरताना रॅम्पवरचं खाडीचं पाणी खालून उडतं. त्यात तांबड्या मातीचा चिखल चाकांच्या कमानीत आणि खालच्या कोपऱ्यांत जाऊन बसतो आणि पाऊस उघडला तरी ओल धरून ठेवतो. त्यामुळे सोलापूरचा साडू जेव्हा सांगतो, ‘माझी सतरा वर्षांची आहे, अजून टणाटण’, तेव्हा त्याचं कौतुक करा आणि विषय बदला. कोरड्या हवेतल्या गाडीचं वय आणि आपल्याकडच्या गाडीचं वय एका मापाने मोजता येत नाही.

म्हणून खाली दिलेला क्रम पाळा. इंजिनापासून सुरुवात करू नका.

आधी गाडी वर उचला, मग एस्टिमेट वाचा

ज्या गॅरेजमध्ये किंवा वॉशिंग सेंटरमध्ये गाडी रॅम्पवर चढवतात, तिथे आदल्या दिवशी खालून धुऊन घ्या आणि सुकल्यावर तपासा. चिखलाच्या थराखाली काय आहे ते ओल्या गाडीत कळत नाही. तपासायला उत्तम महिना एप्रिल-मे, कारण काम निघालंच तर पाऊस लागायच्या आत उरकता येतं. जूनमध्ये केलेलं पत्र्याचं आणि रंगाचं काम पुढच्या वर्षी फुगून वर येतं; हवेतली ओल रंगाखाली अडकते.

हातात टॉर्च आणि एक जाड स्क्रूड्रायव्हर घ्या. दरवाज्यांच्या खाली पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी जी पट्टी असते, तिला गॅरेजमध्ये सिल किंवा रनिंग बोर्ड म्हणतात. स्क्रूड्रायव्हर उलटा धरून मुठीने ती पट्टी वीतभर अंतरावर ठोकत जा. धड पत्र्याचा आवाज खणखणीत येतो. आतून सडलेला पत्रा भदभद वाजतो आणि ठोकताना आतला गंजाचा चुरा खाली गळताना ऐकू येतो. बाहेरून रंग शाबूत असूनही हे होतं, कारण ही पट्टी आतून पोकळ असते आणि गंज आतून बाहेर येतो. रंगावर फोड दिसेपर्यंत आतला पत्रा अर्धा गेलेला असतो.

मग या जागा बघा: जॅक लावायच्या खुणा, पुढचं चाक गाडीशी जोडणाऱ्या लोअर आर्मचे बोल्ट जिथे बसतात ती जागा, मागच्या ॲक्सलचे माउंटिंग, ब्रेकच्या बारीक नळ्या, पेट्रोल टाकीचे पट्टे. बोनेट उघडून दोन्ही बाजूंचा तो उंचवट्याचा पत्रा बघा जिथे शॉक ॲब्सॉर्बरचं वरचं टोक बोल्टांनी बसवलेलं असतं. त्याच्या कडेने सीलंटला तडे गेले असतील किंवा पापुद्रे सुटत असतील तर मिस्त्रीला तिथे बोट ठेवून विचारा.

गाडीच्या आत पायाखालचे मॅट काढा आणि गालिचा तळहाताने दाबा. ओल लागली तर पाणी कुठून येतंय ते शोधायलाच हवं. आपल्याकडे याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे पुढच्या काचेखालची प्लॅस्टिकची जाळी. गाडी आंब्याच्या किंवा फणसाच्या सावलीत उभी असते, पानं आणि मोहोर त्या जाळीतून आत जातो, त्याचा लगदा होतो आणि पाणी बाहेर जायची भोकं बुजतात. मग पावसाचं पाणी फ्लोअरवर उतरतं आणि गालिच्याखाली चार महिने साचून राहतं. तपासायची रीत अगदी सोपी आहे: त्या जाळीवर तांब्याभर पाणी ओता आणि बघा. चाकाच्या मागच्या बाजूने ते लगेच गळलं तर वाट मोकळी आहे. गळलं नाही, तर ते कुठे गेलं हे तुम्हाला आता माहीत आहे.

गंज दिसला म्हणून लगेच गाडी भंगारात काढायची नसते. तो कुठे आहे त्यावर सगळं अवलंबून आहे. पुढचं मडगार्ड बोल्टवर असतं, दरवाजा बिजागरीवर असतो. दोन्ही बदलता येतात आणि त्यांच्या गंजाने गाडीच्या ताकदीला धक्का लागत नाही. सायलेन्सर सडणं तर इथे नित्याचंच. सिल आणि फ्लोअर सडले असतील तर काम मोठं आहे, पण करता येतं: सडलेला भाग कापून, धड पत्र्यापर्यंत जाऊन, नवा पत्रा वेल्ड करायचा. लोअर आर्मची जागा, शॉकची जागा किंवा खालून लांबीत जाणारे चासीचे मेंबर, म्हणजे सांगाड्याच्या जाड पट्ट्या, पोखरले असतील तर मात्र मी पुढचं काही वाचू नका असंच सांगेन. तिथे वेल्डिंगला धरायला धड लोखंड उरलेलं नसतं, आणि अपघातात गाडीने जो दणका झेलायचा तो याच भागांनी झेलायचा असतो. अशा गाडीत नवा क्लच आणि नवा एसी घालणं म्हणजे पैसे पाण्यात.

पत्र्याचं काम करून घेणारच असाल तर एक अट आधीच घाला: वेल्डिंग झाल्यावर, रंग आणि काळं कोटिंग मारण्याआधी, तुम्ही येऊन बघणार. फायबर आणि पुटी भरून वरून काळं फासलेलं काम दोन पावसाळे टिकत नाही. वर्षानुवर्षांच्या ओळखीचा टिंकर असला तरी ही अट घाला. चांगल्या कारागिराला तिचा राग येत नाही.

एस्टिमेटची फोड करा

खालचा पत्रा धड निघाला तर आता कागद हातात घ्या. त्यावर बहुधा पंधरा-वीस ओळी असतात आणि खाली एक घाबरवणारा आकडा. त्या आकड्याकडे बघू नका. प्रत्येक ओळीला एक प्रश्न विचारा: हे नाही केलं तर काय होईल?

काही कामं न केल्यास माणूस मरू शकतो: ब्रेक, स्टिअरिंगचे जॉइंट, घासलेले टायर, लोअर आर्मचे बॉल जॉइंट. इथे घासाघीस नको. काही न केल्यास गाडी चोर्ल्याच्या घाटात बंद पडते: रेडिएटर, वॉटर पंप, टायमिंग बेल्ट, क्लच, अल्टरनेटर. यातला टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह योग्य वेळी उघडवणारा पट्टा, ज्या गाडीत आहे तिथे तो वेळेवर बदलाच. तो तुटला की बऱ्याच इंजिनांमध्ये पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि काही हजारांचं काम थेट इंजिन उघडण्यावर जातं. ज्यांच्या गाडीत बेल्टऐवजी चेन आहे त्यांनी सकाळी स्टार्ट करताना खडखड येते का ते ऐकावं. आणि काही कामं न केल्यास फक्त कुरकुर होते: पॉवर विंडो, रंग, डॅशबोर्डचा आवाज, सेंट्रल लॉक. एसी याच रांगेतला, असं मेच्या दुपारी कुणाला सांगायची माझी हिंमत नाही. शिवाय पावसात काचेवरची वाफ काढायला तो लागतोच.

अजून एक गाळणी लावा. टायर, बॅटरी, ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर या झिजणाऱ्या वस्तू आहेत. त्या नव्या गाडीतही काही वर्षांनी येणारच. ‘गाडी म्हातारी झाली’ याचा पुरावा म्हणून त्यांचा खर्च धरू नका. सत्तर हजारांच्या एस्टिमेटमधून त्या बाजूला काढल्या की खरा म्हातारपणाचा खर्च पुष्कळदा निम्म्यावर येतो.

इंजिनाबद्दल निर्णय ऐकीव माहितीवर घेऊ नका. ‘इंजिन काम मागतंय’ असं कोणी म्हटलं तर कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडर किती दाब धरतो याची मोजणी) करून सगळ्या सिलिंडरचे आकडे लिहून मागा. सगळे आकडे एकसारखे थोडे उतरलेले असतील तर गाडी अजून बरीच चालते. एकच सिलिंडर फार खाली असेल तर कारण शोधावं लागेल. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन थंड ठेवणारं कुलंट सारखं कमी होतंय, गाडी तापतेय आणि नळ्यांमधून कुठे गळतीही नाही, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिन आणि त्याच्या वरच्या हेडमधल्या पॅकिंगचा, संशय घ्यायचा. मात्र ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली की लगेच ‘हेड गेलं’ म्हणून घाबरू नका. आपल्याकडे कितीतरी गाड्या रोज घर ते बाजार, बाजार ते घर एवढ्याच फिरतात. इंजिन पुरतं तापत नाही, हवेतली ओल ऑइलमध्ये मिसळते आणि ही साय धरते. गाडी हायवेवर तासभर सलग चालवा, मग आठवडाभर कुलंटची पातळी खुणेने बघा. ती हलली नाही तर हेड बहुधा शाबूत आहे.

पेट्रोलचंही एक बघून घ्या. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या, गॅस्केट त्या मिश्रणासाठी बनवलेल्या नाहीत. ॲव्हरेजही थोडं उतरतं. दहा-बारा वर्षांच्या गाडीत इंधनाच्या नळ्या कडक झालेल्या किंवा पाझरत असतील तर त्या बदलणं फार महाग नाही, आणि पेट्रोलचा वास येत असेल तर ते काम सगळ्यात आधी.

सुटे भाग मिळतात का, हा प्रश्न कंपनीवर आहे. मारुती, ह्युंदाई यांच्या जुन्या गाड्यांचं सामान म्हापशात, मडगावात, फोंड्यात सहज मिळतं. शेव्हरोलेने भारतातली विक्री २०१७ मध्ये थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये इथल्या बाजारासाठी गाड्या बनवणं बंद केलं, डॅटसन २०२२ मध्ये गेली. या गाड्यांचे फिल्टर आणि ब्रेक पॅड मिळतील, पण बंपर, हेडलॅम्प, इलेक्ट्रॉनिक युनिट यांच्यासाठी बेळगाव-मुंबईकडे फोन करत बसावं लागतं. गाडी महिनाभर गॅरेजमध्ये पडून राहिली तर ते तुम्हाला चालणार आहे का, हे आधी ठरवा.

दुसऱ्या गॅरेजचं मत घ्या, आणि ते फुकट मागू नका. तपासणीचे चारशे-पाचशे रुपये द्या आणि स्पष्ट सांगा की काम इथे करणार नाही, फक्त मत हवंय. काम मिळण्याची आशा नसलेला मिस्त्री जास्त खरं बोलतो.

आरसीवरची तारीख

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. ही तारीख एम-परिवहन ॲपवर किंवा आरसीवर लिहिलेली आहे, आत्ताच बघा. संपायच्या आधीच्या ६० दिवसांत फॉर्म २५ भरून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. गाडी वाहतूक खात्याच्या निरीक्षकाला दाखवावी लागते, चालू विमा आणि पीयूसी लागतं, आणि पुढची नोंदणी ५ वर्षांची मिळते. केंद्राने १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपये केली. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या मोटारींसाठी ती १०,००० झाली. उशीर केल्यास महिन्याला ५०० रुपये जास्तीचे. शिवाय राज्याचा रस्ता कर वेगळा. तो आपल्या गाडीला किती बसेल हे काम काढण्याआधी कार्यालयात विचारून या.

दहा वर्षांची डिझेल आणि पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी ‘बंदच’ होते, असं सांगणारा एक तरी माणूस प्रत्येक लग्नात भेटतो. तो निर्बंध दिल्ली आणि आसपासच्या राजधानी क्षेत्रातला आहे. गोव्यात तपासणीत पास झालेली आणि नोंदणी केलेली सोळा वर्षांची गाडी बिनदिक्कत चालवता येते.

ही तारीख महत्त्वाची अशासाठी की दुरुस्तीचा खर्च किती वर्षांवर पसरायचा ते तीच ठरवते. नोंदणीचे दहा महिने उरलेत आणि तुम्ही सत्तर हजार घालताय, तर नूतनीकरणाचा खर्चही त्यातच धरा आणि मिस्त्रीला विचारा, ‘ही तपासणीत पास होईल का?’ दोन्ही निर्णय एकदम घ्यायचे. दुरुस्ती आज आणि नोंदणीचं नंतर बघू, हा मार्ग महागात जातो.

आता पैशांचा हिशेब

एक नियम सगळीकडे सांगितला जातो: दुरुस्ती गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेली की गाडी विका. मला तो पटत नाही. जुन्या गाडीची बाजारातली किंमतच इतकी खाली आलेली असते की क्लच आणि चार टायर घातले तरी निम्मी भरते. तुमच्यासमोरचा खरा प्रश्न असा आहे: पुढची काही वर्षं फिरायला वर्षाला किती पैसे जातील, या गाडीत आणि तिच्या जागी येणाऱ्या गाडीत?

समजा २०१२ सालची पेट्रोल हॅचबॅक आहे. आहे तशी विकली तर सव्वा लाख येतील. काम ६८,००० चं आहे आणि नूतनीकरणासकट एकूण ७५,००० लागतील. पत्रा धड आहे, म्हणून गाडी तीन वर्षं नक्की जाईल असं धरू. म्हणजे वर्षाला २५,०००. त्यावर वर्षाचा नेहमीचा देखभाल खर्च २५,०००. तीन वर्षांनी ती साठ-पासष्ट हजारांना जाईल, म्हणजे किमतीतली घट वर्षाला २०,०००. एकूण सत्तर हजारांच्या घरात.

नवी गाडी रस्त्यावर येईपर्यंत साडेसात लाख. दीड लाख हातचे, सहा लाख कर्ज, साडेनऊ टक्के, पाच वर्षं: हप्ता साधारण १२,६०० रुपये आणि पाच वर्षांत व्याज दीड लाखाच्या थोडं वर, म्हणजे वर्षाला ३१,०००. पाच वर्षांनी गाडी निम्म्या किमतीला गेली तर घसारा वर्षाला ७५,०००. जुन्या गाडीपेक्षा जास्तीचा विमा १२,०००, सर्व्हिसिंग ८,०००. बेरीज सव्वा लाखाच्या पुढे.

चार वर्षांची सेकंडहँड गाडी पावणेपाच लाखांना घेतली, साडेतीन लाख कर्ज बारा टक्क्यांनी चार वर्षांसाठी, आणि ती चार वर्षांनी पावणेतीन लाखांना विकली, तर घसारा ५०,०००, व्याज २३,०००, देखभाल १५,०००, जास्तीचा विमा ६,०००. वर्षाला ९४,०००.

हे आकडे उदाहरणापुरते आहेत. तुमचे घालून बघा. पण एक गोष्ट त्यात नीट दिसते. आता याच जुन्या गाडीला सिल आणि फ्लोअरचं ५५,००० चं काम जोडा, आणि मिस्त्री म्हणतोय की तरी दोनच वर्षं धरा. सव्वा लाखाच्या वरचा खर्च दोन वर्षांत वाटला की वर्षाला ६५,०००, देखभाल २५,०००, आणि दोन वर्षांनी गाडी भंगाराच्या भावाला जाणार म्हणून घट ४०,०००. झाले १,३०,०००, म्हणजे नव्या गाडीइतके. तीच गाडी, तेच इंजिन, फरक फक्त पत्र्याचा.

कोण चालवणार, कुठे चालवणार

पैशांचा हिशेब एका बाजूला असताना उत्तर दुसरीकडे जाऊ शकतं. पेडण्यातले निवृत्त आजी-आजोबा शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला आणि कधीमधी देवळात जातात. त्यांची गाडी महिन्याला दोनशे-तीनशे किलोमीटर चालते. तिच्यावर थोडा खर्च करून ती ठेवावी. वाळपईहून वेर्ण्याच्या कारखान्यात रोज जाणाऱ्या मुलाची गोष्ट वेगळी. गाडी बंद पडली की त्याचा दिवस बुडतो, आणि त्याचा निम्मा रस्ता वेगाच्या हायवेवरून आहे.

इथे एक मुद्दा असा आहे की जो कुठलंही गॅरेज दुरुस्त करून देऊ शकत नाही. एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नव्या मोटारींना २०१९ पासून सक्तीचं झालं. ड्रायव्हरची एअरबॅग त्याच वर्षी, आणि पुढच्या बाजूच्या प्रवाशाची २०२१ अखेरपर्यंत. म्हणजे २०१२ च्या बेसिक मॉडेलमध्ये यातलं काहीच नसण्याची शक्यता मोठी, आणि नंतर बसवताही येत नाही. राष्ट्रीय महामार्ग ६६ आता रुंद झाला, जुवारीचा नवा पूल झाला, गाड्यांचा वेग वाढला. घरातलं कोणी रोज त्या रस्त्याने, पावसात, काळोखात जात असेल तर वर्षाचे पन्नास हजार जास्त गेले तरी मी बदलायच्या बाजूने मत देईन.

पुरात सापडलेली गाडी

हिचा विचार वेगळा. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्ट मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन जातं. असं स्टार्ट मारून झालेलं नुकसान साध्या पॅकेज पॉलिसीतून सहसा मिळत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर लागतं. ढकलून बाजूला घ्या, बॅटरीची तार काढा, फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, टो करून न्या. दुरुस्तीचा खर्च पॉलिसीत लिहिलेल्या आयडीव्हीच्या, म्हणजे विम्याने धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला तर कंपनी गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण गेलेली, धरते. जुन्या गाडीची आयडीव्ही कमी असल्याने ही रेषा लवकर ओलांडली जाते, आणि अशा वेळी पैसे घेऊन मोकळं होणं शहाणपणाचं. पाणी सीटच्या वर गेलं असेल तर वायरिंगची दुखणी वर्षभर निघत राहतात.

ठेवायची ठरली तर

कामं एकदम काढू नका. ब्रेक-स्टिअरिंग-टायर पहिले, मग कूलिंग आणि क्लच, मग दोन महिने चालवून बघा आणि उरलेल्या पैशांत एसी. पत्र्याचं काम असेल तर ते पावसाच्या आधी. काढलेले जुने भाग परत मागून घ्या. गणपतीच्या आदल्या आठवड्यात कुठल्याही गॅरेजकडून चांगल्या कामाची अपेक्षा ठेवू नका. सगळ्या गोव्याला तेव्हाच गावी जायचं असतं.

काम सुरू व्हायच्या आधी घरातल्यांच्या देखत एक वरचा आकडा ठरवा, म्हणजे ‘उघडल्यावर अजून निघालं’ असा फोन आला की उत्तर तयार असतं. पावसाळ्यात महिन्यातून एकदा आणि दसऱ्याच्या सुमारास एकदा गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा, दरवाज्यांच्या तळाची बारीक भोकं काडीने मोकळी करा. अँटीरस्ट कोटिंग कोरड्या, धुतलेल्या, गंज काढलेल्या पत्र्यावरच मारा. ओल्या गंजावर मारलेलं कोटिंग ओल आत कोंडतं आणि गंज जास्त वेगाने पसरतो. जिथे गाडी उभी करता तिथे वर माड आहे का हेही बघा. बोनेटवर पडलेल्या एका नारळाने सगळं बजेट कोलमडतं.

बदलायची ठरली तर

२२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या मोटारींवरचा जीएसटी २८ टक्के अधिक सेस होता तो १८ टक्के झाला. त्यामुळे नवी आणि सेकंडहँड यांतलं अंतर कमी झालंय. जुन्या भावाच्या आठवणीवर सेकंडहँडवाल्याशी सौदा करू नका. इथे सेकंडहँड घेताना दोन गोष्टींची धास्ती ठेवा. एक, रेंट-अ-कॅबमधून, म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने देतात त्यातून, निघालेली गाडी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेल्या या गाड्या नंतर पांढऱ्या पाटीवर येतात, आणि पर्यटकांनी त्या कशा हाकलेल्या असतात ते आपण रोज बघतो. आरसीचा आणि विम्याचा मागचा इतिहास मागा. दोन, नुकतंच खालून चकचकीत काळं कोटिंग मारलेली गाडी. तिच्या सिलवर वरची स्क्रूड्रायव्हरची परीक्षा विक्रेत्यासमोरच करा.

घरी अंगण असेल, मीटरपासून तार ओढता येत असेल आणि रोजचा प्रवास शंभर किलोमीटरच्या आत असेल, तर इलेक्ट्रिक गाडीची बेरीजही मांडून बघा. गोव्यातली अंतरं तिला मानवणारी आहेत.

जुन्या विम्यावर नो क्लेम बोनस जमला असेल तर तो सोडू नका. तो गाडीबरोबर जात नाही, मालकाबरोबर राहतो. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर नव्या गाडीच्या ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमवर ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते. जुनी गाडी विकताना कंपनीकडून त्याचं पत्र घ्या.

गाडी कोणी घ्यायच्या लायकीची उरली नसेल तर गल्लीतल्या भंगारवाल्याला देऊ नका. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात दिली की सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट, म्हणजे गाडी जमा केल्याचा दाखला, मिळतं. त्यावर नव्या गाडीची नोंदणी फी माफ होते, आणि खाजगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत द्यायची मुभा राज्यांना आहे. भंगारवाल्याकडे दिलेली गाडी कागदोपत्री तुमच्याच नावावर राहते. तिचा नंबर उद्या कुठल्या गाडीवर फिरेल सांगता येत नाही.

विकताना मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय किल्ली देऊ नका. घेणारा परराज्यातला, म्हणजे सावंतवाडीचा किंवा कारवारचा असेल तर फॉर्म २८ चा ना हरकत दाखला लागेल. बँकेचं कर्ज आरसीवर अजून दिसत असेल तर ते आधी उतरवून घ्या. हप्ते संपले म्हणून नोंद आपोआप जात नाही. डिलिव्हरी नोटवर तारीख आणि वेळ लिहा, घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत ठेवा. नोंदणी त्याच्या नावावर झाल्याचं एम-परिवहनवर दिसेपर्यंत दर आठवड्याला बघत राहा. आणि काचेवरचा फास्टॅग त्याच दिवशी बंद करा, नाहीतर त्याच्या टोलचे पैसे तुमच्या खात्यातून जात राहतील.